परिचारिकांची वानवा संशोधनाने भागेल काय?

सार्वजनिक रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटवड्याचा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. शासनाच्या बाजूने सांगितले जाते की, प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला पाहिजे, अभ्यासासाठी निधी दिला पाहिजे, आणि निष्कर्ष हाती आले की यथावकाश कार्यवाही करता येईल. चळवळीच्या बाजूने तितक्याच ठामपणे सांगितले जाते की, अभ्यास पुष्कळ झाले, आता माणसे नेमा. संशोधन हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. पहिले उत्तर सोयीचे आहे, दुसरे संतापाचे. दोहोंत सत्याचा काही अंश आहे आणि दोहोंत काही गफलतही आहे. आरोग्यावरचा सरकारी पैसा मुळातच अपुरा असताना तो कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या जीवनमरणाशी निगडित आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी त्याचा शांतपणे ऊहापोह करणे अगत्याचे आहे.

हा ऊहापोह हवेत करण्याऐवजी एका शहराच्या संदर्भात करणे बरे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार येथे मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभा राहतो. बहुसंख्य मागवाल्यांच्या हाती नेमणुकीचा कागद नसतो. साहजिकच कामगार विमा योजनेच्या दवाखान्याची दारे त्यांना बंद असतात. दुखणे आले की सरकारी रुग्णालय, नाहीतर गल्लीतला खासगी दवाखाना, एवढाच पर्याय उरतो. दुखणे गंभीर असेल तर ठाणे, कळवा किंवा मुंबई गाठावी लागते. अशा शहरात परिचारिका असणे वा नसणे याचा अर्थ श्रीमंतांच्या वस्तीतील अर्थाहून वेगळा होतो. ज्याच्या घरी पगारी आया ठेवण्याची ऐपत नाही, ज्याच्या बायकोने रुग्णाच्या उशाशी बसले तर तिची मजुरी बुडते, त्याला वॉर्डातील सिस्टर हाच एकमेव आधार असतो.

आता साधा हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार भिवंडीची लोकसंख्या 7,09,665 होती. 2021 ची जनगणना झाली नाही; त्यामुळे नियोजनाचा आधार अजूनही तो जुना आकडाच आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा दंडक असा की, 50,000 लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि 10,000 लोकसंख्येमागे एक सहायक परिचारिका प्रसाविका असावी. जुनाच आकडा धरला तरी या शहराला 14 केंद्रे आणि 71 सहायक परिचारिका लागतात. रुग्णालयाचा हिशेबही फारसा अवघड नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. शंभर खाटांच्या रुग्णालयात हे प्रमाण प्रत्येक पाळीला राखायचे म्हटले तर पाळीला 20 परिचारिका लागतील, तीन पाळ्यांना 60 लागतील, आणि साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी 30 टक्के राखीव धरल्या तर हा आकडा 78 होईल. शंभर खाटांना वीस परिचारिका आहेत म्हणजे प्रमाण बरोबर आहे, असे कागदावर दाखवले जाते तेव्हा त्या वीस जणींना तीन पाळ्यांत वाटायचे असते, ही गोष्ट कागद सांगत नाही. हे समजायला कोणत्याही संशोधन संस्थेची गरज नाही. त्यासाठी गुणाकार आणि भागाकार पुरतो.

या उणिवेची किंमत कशी मोजावी लागते, हेही अज्ञात नाही. 2022 च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराची साथ आली. करोनाच्या काळात ज्या मुलांच्या लशी राहून गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर दारोदार जाणारी, वस्तीची भाषा जाणणारी आणि बायकांचा विश्वास कमावलेली परिचारिका लागते. ती साथ आल्यावर धावपळ करून निर्माण होत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत 31 रुग्ण मृत्यू पावले आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. या मृत्यूंची कारणे अनेक असतील आणि ती सगळी परिचारिकांच्या अभावावर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि ज्या व्यवस्थेत रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, त्या व्यवस्थेत रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचे वेळेवर कोणाच्या लक्षात यावे, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

मग संशोधनाने आजवर काय दिले? पुष्कळ दिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आधुनिक परिचर्येचा पायाच आकडेवारीवर घातला गेला. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात सैनिक जखमांपेक्षा घाणीने अधिक मरतात, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तक्ते आणि आकृत्या काढून दाखवले आणि त्या आकड्यांच्या बळावर ब्रिटिश लष्करी खात्याला सुधारणा करायला भाग पाडले. अलीकडच्या काळात लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर आधारभूत मानला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या 2,32,342 रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. परिचारिकेकडील रुग्णांची सरासरी संख्या एकाने वाढली की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. 2014 मध्ये युरोपातील नऊ देशांच्या पाहणीतून जवळजवळ हाच निष्कर्ष निघाला. परिचारिका म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची मदतनीस, हा जो समज आपल्याकडे रुजला आहे, त्याला या संशोधनाने सुरुंग लावला. तिचे लक्ष, तिची नोंद, तिने वेळेवर मारलेली हाक यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे आता मोजून सिद्ध झाले आहे.

परंतु येथेच एक तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. रुग्णालयांत परिचारिकांचे किमान प्रमाण कायद्याने बांधून देणारे अमेरिकेतील पहिले राज्य कॅलिफोर्निया. तेथील विधिमंडळाने तो कायदा 1999 मध्ये केला आणि 2004 पासून तो अमलात आला. म्हणजे एकन यांचा अभ्यास प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन वर्षे कायदा झालेला होता. तो झाला तेथील परिचारिकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळे. संशोधन मागाहून आले आणि त्याने कायद्याला बळकटी दिली. याउलट संशोधनाला सढळ हाताने पैसा देणे म्हणजे तुटवडा मिटणे असे असते, तर ज्या अमेरिकेत परिचर्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे, तिला फिलिपाइन्सच्या आणि केरळच्या मुली आयात कराव्या लागल्या नसत्या.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे 2016 मध्ये दिवसपाळीला चार रुग्णांमागे एक व रात्रपाळीला सात रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण 27 सरकारी रुग्णालयांना कायद्याने लागू करण्यात आले आणि त्याबरोबरच परिणामांचे मोजमाप करण्याची व्यवस्थाही झाली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णालयांना कायदा लागू होता तेथे मृत्यू घटले, रुग्ण लवकर बरे होऊन घरी गेले, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण वाढले नाही. आणि यातून वाचलेला खर्च जादा परिचारिका नेमण्याच्या खर्चाच्या सुमारे दुप्पट होता. येथे संशोधनाला अर्थ आला, कारण ते नेमणुकांच्या सोबत चालले. नेमणुका त्याची वाट पाहत थांबल्या नाहीत.

आपल्या देशात मात्र क्रम उलटा आहे. आपण वाट पाहत आहोत ती आजकालची नव्हे. 1946 मध्ये भोर समितीने सांगितले की, हिंदुस्थानात सुमारे 7,000 परिचारिका आहेत, म्हणजे 43,000 लोकांमागे एक, आणि ब्रिटनमध्ये 300 लोकांमागे एक आहे. 1987 मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्या व्यवसायाविषयी उच्चाधिकार समिती नेमली गेली. तिने 1989 मध्ये अहवाल दिला. परिचारिकांना कारकुनी व इतर परिचर्याबाह्य कामांतून मोकळे करा, हे त्या समितीनेही सांगितले होते. आजही वॉर्डातील सिस्टरचा कितीतरी वेळ नोंदवह्या भरण्यात, औषधांच्या मागणीपत्रकांत आणि चादरींच्या हिशेबात जातो. 29 जानेवारी 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत समिती नेमण्याचा आदेश दिला. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये वेतन असावे आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे ते राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, असे त्या समितीने सुचवले. शिफारशी राज्यांकडे रवाना झाल्या. भिवंडीतीलच नव्हे, महाराष्ट्रातील कोणत्याही लहान गावाच्या खासगी दवाखान्यात जाऊन तेथील मुलीला तिचा पगार विचारावा, म्हणजे त्या शिफारशींचे पुढे काय झाले ते कळेल. शुश्रूषागृहात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे ही अट तर 1949 च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यापासून चालत आलेली आहे.

तेव्हा अज्ञान हे तुटवड्याचे कारण नाही. मग कारण कोणते? याचे उत्तर देणारा एक चांगला अभ्यास आपल्याकडे झालेला आहे, आणि तो पाहिला म्हणजे संशोधनावर सरसकट तोंडसुख घेणे का योग्य नाही तेही समजते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकड्यांवर आधारलेला हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. देशात नोंदणी झालेल्या परिचारिका व प्रसाविका सुमारे 23.4 लाख आहेत, पण प्रत्यक्ष कामावर असलेल्या सुमारे 14 लाखच आहेत, आणि पुरेशी पात्रता असलेल्या त्याहून कमी, असे त्यात दिसून आले. या नऊ लाखांच्या तफावतीत परदेशी गेलेल्या आहेत, निवृत्त झालेल्या आहेत, मृतांची नावे वह्यांत तशीच राहिली असतील. आणि शिकूनसवरून घरी बसलेल्याही आहेत. एका बाजूला ओस पडलेले वॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्र पेटीत ठेवून घरी बसलेली परिचारिका, असे हे चित्र आहे. अशा वेळी केवळ विद्यालये वाढवून भागत नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारने 1,570 कोटी रुपये खर्चून 157 नवी परिचर्या महाविद्यालये काढण्याचे ठरवले. त्यांतून दरवर्षी 15,700 पदवीधर बाहेर पडतील, असे सांगण्यात आले. महाविद्यालये निघावीत, त्याला हरकत नाही. पण शिकलेल्या मुलीला कायम पद, पुरेसे वेतन आणि सुरक्षित रात्रपाळी मिळणार नसेल तर ती महाविद्यालये आखाती देशांना आणि इंग्लंडला मनुष्यबळ पुरवणारे कारखाने ठरतील. खर्च आपला आणि सेवा त्यांची, असा हा व्यवहार होईल.

पदे निर्माण करणे आणि भरणे हा पगाराचा प्रश्न आहे, पगार हा अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे आणि अंदाजपत्रक हा राजकीय इच्छेचा प्रश्न आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन दिले. ते पाळले गेले नाही. उलट गेल्या तीन दशकांत कायम पदे गोठवण्याकडे आणि तीच कामे कंत्राटी माणसांकडून करून घेण्याकडे सरकारांचा कल राहिला. मे 2022 मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने विविध खात्यांतील कंत्राटी भरतीसाठी नऊ खासगी संस्था नेमल्या आणि तीव्र विरोध झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. तो मागे घ्यायला लावणारी शक्ती कोणत्या शोधनिबंधात नव्हती. ती रस्त्यावर उतरलेल्या तरुणांत होती. 12 मे रोजी परिचारिकांना सेवेची मूर्ती म्हणून फुले द्यायची आणि वर्षाचे उरलेले दिवस त्यांना कंत्राटाच्या टांगणीला लावायचे, या दांभिकपणावर संशोधन हा उपाय नाही.

अहवालांचे काय होते, हे भिवंडीने स्वतःच्या अनुभवाने जाणले आहे. मे 1970 मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्यांची अत्यंत कसून चौकशी केली. दंगल कशी घडवली जाते, प्रशासन कोठे चुकते, याचे इतके बारकाईने केलेले विवेचन आपल्या देशात विरळाच. अहवाल आला, कपाटात गेला, आणि मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. परंतु त्याच भिवंडीने याची दुसरी बाजूही पाहिली. 1988 पासून येथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी जुन्या दंगलींचा अभ्यास केला आणि तो कागदावर न ठेवता वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दोन्ही वेळा अभ्यास झाला होता. एका अभ्यासाला अंमलबजावणीचे हातपाय नव्हते, दुसऱ्याला होते. परिचारिकांच्या प्रश्नावरील संशोधनाला निधी द्यावा की न देऊ नये, याचा निर्णय करताना ही कसोटी लावता येते.

यावर कोणी म्हणेल की, गडचिरोलीचे काय? तेथे तर संशोधनानेच देशाचे धोरण बदलले. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत खेड्यातल्याच बायकांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले, शेजारच्या 47 गावांशी तुलना केली आणि 1999 मध्ये दाखवून दिले की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू झाली. संशोधनाचा याहून चांगला उपयोग कोणता? पण शासनाने त्यातून काय उचलले आणि काय सोडले, तेही पाहावे लागेल. बाळ वाचवण्याची पद्धत उचलली. ते वाचवणाऱ्या बाईला कामगार मानणे मात्र सोडले. एका बाळाच्या घरी सहा-सात फेऱ्या घातल्या की 250 रुपये, असा मोबदला ठरला. तिला वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. तिचे नाव स्वयंसेविका. 2023 च्या अखेरीस आणि पुन्हा 2024 च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. संशोधकाने दाखवलेली वाट स्वस्तातली दिसली म्हणून सरकारला ती आवडली. ज्या संशोधनाचा निष्कर्ष अधिक पदे आणि अधिक पगार असा निघतो त्याच्या वाट्याला कपाट येते. संशोधन स्वतः निःपक्षपाती असले तरी त्याची निवड करणारा हात निःपक्षपाती नसतो, हा यातला धडा.

या सर्वांवरून संशोधनाला पैसा देऊ नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. श्रमिकांच्या चळवळीने ज्ञानाशी वैर धरणे परवडणारे नाही. आकडे आपल्या हाती नसतील तर ते नेहमी दुसऱ्याच्या हाती असतात. प्रश्न एवढाच की, कोणत्या संशोधनाला, कोणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर.

ज्यांची उत्तरे मिळालेली आहेत ते प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी एक पैसाही देऊ नये. परिचारिका कमी असल्या तर रुग्ण मरतात काय, याचा आणखी एक प्रबंध आपल्याला नको आहे. ज्यांची उत्तरे आपल्या शहरापुरती मिळालेली नाहीत असे प्रश्न मात्र आहेत. भिवंडीच्या वॉर्डात सिस्टरच्या आठ तासांतले किती तास रुग्णाजवळ जातात आणि किती कागदांजवळ? नोकरी सोडून गेलेल्या परिचारिका का गेल्या: पगारासाठी, घरासाठी, पाळणाघर नाही म्हणून, की रात्री रुग्णालयातून घरी जाण्याची सोय नाही म्हणून? 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिच्याच कामाच्या जागी अमानुष हल्ला झाला. तेथील परिचारिकांनी पुढे 2015 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, तिची शुश्रूषा केली. त्या शुश्रूषेचे कौतुक सर्वांनी केले. पण रात्रपाळीच्या परिचारिकेची कपडे बदलण्याची जागा आज किती सुरक्षित आहे, याची पाहणी किती रुग्णालयांनी केली? तेलुगू किंवा भोजपुरी बोलणाऱ्या बाळंतिणीला मराठी सिस्टरचे सांगणे किती कळते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ज्या परिचारिका आहेत त्या टिकतील, आणि टिकलेली प्रत्येक परिचारिका ही नव्या नेमणुकीइतकीच मोलाची असते.

अशा संशोधनाला चार अटी घालाव्यात. त्याचा पैसा वेतनाच्या तरतुदीतून घेऊ नये. पदे रिकामी ठेवून शिल्लक राहिलेल्या रकमेतून अभ्यास चालवणे म्हणजे भुकेल्याच्या ताटातली भाकरी काढून भुकेचे मोजमाप करणे होय. अभ्यासाची आखणी आणि पाहणी यांत वॉर्डातल्या परिचारिकांचा व त्यांच्या संघटनेचा समान वाटा असावा. आज त्यांच्याकडून कोष्टके भरून घेतली जातात आणि निष्कर्ष त्यांना वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. अहवाल मराठी, हिंदी आणि उर्दूत, लोकांना वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध व्हावा. आणि चौथी अट सर्वांत महत्त्वाची: अभ्यास सुरू होण्यापूर्वीच शासनाने किंवा महानगरपालिकेने लेखी सांगावे की, निष्कर्ष आल्यावर अमुक महिन्यांत निर्णय घेतला जाईल, आणि अभ्यास चालू आहे या सबबीवर मंजूर पदांची भरती एक दिवसही थांबवली जाणार नाही. ही अट मान्य करण्यास जो तयार नसेल, त्याला संशोधन नको असून सवड हवी आहे, असे समजण्यास प्रत्यवाय नाही.

एक शंका उरते. पदे मंजूर केली आणि जाहिरात दिली तरी परिचारिका येतच नाहीत, असे अधिकारी सांगतात, आणि काही ठिकाणी ते खरेही असते. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, राहण्याची सोय नसताना, कायम परिचारिकेच्या पगाराचा लहानसा हिस्सा देऊ करायचा आणि कोणी आले नाही की माणसे मिळत नाहीत म्हणायचे, हा न्याय नव्हे. मागवाला कमी मजुरीत माग चालवायला आला नाही तर शेठही हेच म्हणतो. कायम पदाच्या जाहिरातीला शेकड्यांनी अर्ज येतात, हे कोणत्याही खात्यात विचारले तर समजेल.

शेवटी कार्यकर्त्यांच्या वाट्याचे काम. शासनाने संशोधन करावे म्हणून निवेदन देण्याऐवजी आपणच ते सुरू करू शकतो, आणि त्याला निधी लागत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर शहरातील सरकारी रुग्णालयात आणि पालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कायम किती, कंत्राटी किती, आणि गेल्या महिन्याच्या पाळीपत्रकानुसार रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर किती, हे विचारता येते. आलेली उत्तरे वर दिलेल्या दंडकांशेजारी मांडून त्यांचा तक्ता प्रत्येक यंत्रमाग वसाहतीत, चहाच्या टपरीवर, मशिदी-मंदिरांच्या बाहेरच्या फलकावर लावावा. पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी तो प्रत्येक नगरसेवकाच्या हाती द्यावा आणि किती पदांसाठी तरतूद केली ते सभेनंतर विचारावे. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेने आणि परिचारिकांच्या संघटनेने एकत्र बसावे. आजवर हे दोघे समोरासमोर येतात ते बहुधा रुग्ण दगावल्यावर, एकाच्या हातात दगड आणि दुसरीच्या डोळ्यांत भीती असताना. वस्तुतः ज्या रिकाम्या पदामुळे त्याचा माणूस गेला, त्याच पदाचे ओझे तिच्या खांद्यावर होते. हे दोघांना एकमेकांकडून समजावे, यासाठी एक बैठक पुरे आहे, आणि ती बोलावणे हे आपले काम आहे.